थांबलेला संसार

‘द सिम्स २’ या कॉम्प्युटर गेममध्ये एक साधा नियम आहे. तुम्ही ज्या घरात खेळत असता, तेवढ्याच घराचा काळ पुढे सरकतो. गावातली बाकीची घरं जिथल्या तिथे थांबलेली असतात. एका कुटुंबाला सोडून तुम्ही शेजारच्या घरात गेलात, तिथे दोन पिढ्या खेळलात, नातवंडांची लग्नं लावून दिलीत आणि मग पहिल्या घरात परत आलात, तर तिथे अजून तीच संध्याकाळ असते. तीच खरकटी भांडी पडलेली. सोफ्यावर तोच माणूस, तेवढ्याच वयाचा.

त्यातून घोळही होतात. एखादी मुलगी लग्न करून वेगळी राहायला गेली आणि तुम्ही तिच्याच घरात रमलात, तर तिचे केस पांढरे होतात आणि तिची आई मात्र माहेरी अजून मध्यमवयीनच असते. आईपेक्षा लेक म्हातारी. जुन्या खेळाडूंना याची सवय असते. काहीजण तर वहीत तक्ता करून सगळ्या घरांना पाळीपाळीने सारखे दिवस देतात, म्हणजे गावाचं वय एकदमच वाढेल.

जानेवारी २०२५ मध्ये ‘सिम्स’ला २५ वर्षं पूर्ण होत असताना कंपनीने पहिले दोन भाग नव्या कॉम्प्युटरवर चालतील असे करून पुन्हा बाजारात आणले. तेव्हा माझ्यासारख्या बऱ्याच जणांनी जुन्या हार्ड डिस्क शोधून काढल्या. नवं घर मांडण्यात कुणाला फारसा रस नव्हता. सोडून आलेलं घर बघायचं होतं.

मला तेव्हापासून एक प्रश्न पडला आहे. आपण सोडून गेलो आणि बऱ्याच काळाने परत आलो, तर मागे राहिलेल्यांचं आपण काही देणं लागतो का? आणि लागत असलो, तर नेमकं काय?

जिंकायचं काहीच नाही

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ‘द सिम्स’ २००० साली आला. करणारा विल राइट, कंपनी मॅक्सिस. १९९१ साली कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या डोंगराळ भागात मोठी आग लागली, त्यात राइटचं घर जळालं. पुन्हा सगळं उभं करताना, माणसाला घरात नेमक्या कुठल्या वस्तू लागतात आणि का, याचा विचार त्याच्या डोक्यात घोळू लागला. त्यातून पुढे हा खेळ झाला. आतल्या लोकांत त्याचं नाव बराच काळ ‘डॉलहाउस’ असं होतं. आपल्याकडे त्याला सरळ भातुकली म्हणू.

यात शत्रू नाही, शेवट नाही, जिंकणं नाही. माणसं बनवायची, घर बांधायचं, त्यांना नोकरीला पाठवायचं, जेवू घालायचं, झोपवायचं. त्यांच्या डोक्यावर हिरवा स्फटिक फिरत असतो. ती सिम्लिश नावाच्या, कुणालाच न कळणाऱ्या भाषेत बडबडतात. खेळातला एक मिनिट म्हणजे आपला साधारण एक सेकंद, त्यामुळे त्यांचा अख्खा दिवस आपल्या चोवीस मिनिटांत उरकतो. दुसऱ्या भागात प्रौढपण २९ दिवसांचं असतं. म्हणजे एका शनिवार-रविवारी जागरण केलं तर माणूस नोकरीला लागून निवृत्त होतो.

या पात्रांचं आपण काही देणं लागत नाही, हे उत्तर सोपं आहे आणि मला ते पटतंही. त्यांना भूक लागत नाही, भुकेचा एक आकडा कमी होतो. आपण गेल्यावर ती वाट बघत बसत नाहीत, कारण वाट बघायला वेळ लागतो आणि तिथे वेळच नसतो. सेव्ह केलं तो क्षण आणि सोळा वर्षांनी उघडलं तो क्षण, त्यांच्या बाजूने हे दोन क्षण एकमेकांना चिकटलेले आहेत.

पोलिश लेखक स्तानिस्वाव लेम याला हे इतकं सोपं वाटलं नव्हतं. १९६५ च्या त्याच्या ‘सायबेरियाड’ या पुस्तकात एक गोष्ट आहे. ट्रुर्ल नावाचा कारागीर एका हद्दपार जुलमी राजाला रमवण्यासाठी खोक्यात मावेल एवढं राज्य बनवून देतो. त्यात प्रजा आहे, बंडं आहेत, कैदखाने आहेत. त्याचा मित्र त्याला विचारतो की ती प्रजा दुःखी आहे असं दिसत असेल, तर ते दुःख खरं नाही हे तू कशावरून म्हणतोस? घाबरून दोघं परत बघायला जातात. तर ती चिमुकली प्रजा राजाला उलथून खोक्याबाहेर पडलेली असते, तिने त्या साऱ्या भूमीवर आपली वस्ती वसवलेली असते. विल राइटने आपल्या ‘सिमसिटी’ या आधीच्या खेळामागे या गोष्टीचा प्रभाव असल्याचं सांगितलं आहे.

गोष्टीतला छळाचा प्रश्न लोक नेहमी उचलतात. मला तिचा शेवट जास्त महत्त्वाचा वाटतो. परत आलेल्या माणसाला कळतं की आपण नव्हतो तेव्हाही इथे काळ चालू होता. खऱ्या आणि खोट्या माणसांमधली सीमारेषा मी इथेच आखेन. आपण नसताना ज्यांचा काळ चालू राहतो, ती खरी.

शेजारी बदलले तर राग का येतो

गंमत म्हणजे खेळ करणाऱ्यांनीही हा प्रश्न तीन वेळा तीन तऱ्हांनी सोडवला.

२००४ च्या दुसऱ्या भागात तुम्ही नसाल तर काळ नाही. २००९ च्या तिसऱ्या भागात अख्खं गाव एकाच घड्याळावर चालू लागलं. तुम्ही एका घरात गुंतलेले असताना पलीकडचे शेजारी लग्न करायचे, नोकरी सोडायचे, त्यांना मुलं व्हायची, कधी ते गाव सोडूनच निघून जायचे. तुम्ही स्वतः वाढवलेलं कुटुंब सोडून दुसरीकडे गेलात, तर तेही या प्रवाहात सापडायचं. परत येऊन बघावं तर तुमच्या लाडक्या नायकाचं तिसऱ्याच कुणाशी जमलेलं. खेळाडू वैतागले. हे बंद करायचं बटण कुठे आहे, हा तेव्हाचा नेहमीचा प्रश्न होता.

२०१४ च्या चौथ्या भागात कंपनीने माघार घेतली, शेजारी पुन्हा बरेचसे गोठले. मग लोक म्हणू लागले की गाव मेल्यासारखं वाटतं. तेव्हा २०२१ च्या अखेरीस आणि २०२२ मध्ये शेजाऱ्यांच्या आयुष्यात आपोआप घडामोडी घडवणारी सोय आली, पण लगाम आपल्या हातात ठेवून. प्रत्येक घरासाठी वेगळं ठरवता येतं. यांना मूल होऊ दे, यांना होऊ देऊ नको. यांनी नोकरी बदलली तर चालेल, यांनी घर बदललेलं चालणार नाही.

सेटिंगचं ते पान मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं, आणि मग जरा थांबले. आपल्याला काय हवं असतं ते त्यात किती स्वच्छ लिहिलेलं आहे! परक्यांनी बदलत राहावं, म्हणजे जग जिवंत वाटतं. आपल्या माणसांनी मात्र आपण सोडलं तिथेच थांबावं.

खुद्द निर्मात्यांनाही हा मोह आवरलेला नाही. बेला गॉथ हे या खेळातलं सगळ्यात गाजलेलं पात्र. २००० मध्ये ती नवऱ्याबरोबर आणि लहान मुलीबरोबर सुखाने राहत होती. दुसरा भाग त्यानंतर पंचवीस वर्षांनी घडतो, त्यात ती बेपत्ता आहे, नवरा म्हातारा झाला आहे आणि मुलगी मोठी. बेला कुठे गेली यावर लोकांनी वर्षानुवर्षं डोकं खाजवलं. तिसरा भाग काळात मागे गेला, तिथे बेला शाळकरी मुलगी आहे. आणि चौथ्या भागात ती पुन्हा घरी, नवरा आणि दोन मुलांसोबत, जणू काहीच घडलं नाही. कंपनीने जुनी फाइल लोड केली, असंच म्हणायचं.

मराठीत आपण अशा घराला संसार म्हणतो. भातुकली मांडतो तसा संसारही मांडतो, क्रियापद एकच. पण हा शब्द ज्या संस्कृत धातूवरून आला त्याचा अर्थ सरकणं, वाहत जाणं असा आहे. सरकत राहतो तो संसार. थांबलेला संसार हे शब्दाच्याच अंगाने बघितलं तर अशक्य आहे. ते फक्त कॉम्प्युटरमध्ये जमतं.

किंवा आपल्या डोक्यात.

आमच्या घराची फाइल

माझ्या जुन्या हार्ड डिस्कवर जे कुटुंब निघालं ते आमचंच होतं. २००९ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत दादाने आणि मी मिळून केलेलं. दादाची दहावी झाली होती, मी आठवीतून नववीत जाणार होते. साताऱ्याच्या आमच्या तीन खोल्यांना खेळात आम्ही मजला चढवला होता आणि मागे तलाव खणला होता. खेळात नावं रोमन अक्षरांत लिहावी लागायची, त्यामुळे स्पेलिंगवरून झालेलं भांडणसुद्धा मला आठवतं.

दुसऱ्या भागात प्रत्येक माणसाला आयुष्याचं एक ध्येय द्यावं लागतं. प्रेम, कुटुंब, ज्ञान, पैसा, लोकप्रियता, यांपैकी एक. बाबांना आम्ही पैसा दिला होता, दादाने स्वतःला लोकप्रियता घेतली होती, मला ज्ञान. आईला कुटुंब.

पुढच्या वेळी घरी गेले तेव्हा लॅपटॉपवर आईला तिची आकृती दाखवली. बेचाळीस वर्षांची, हिरव्या ड्रेसमधली. ती खूप हसली. मी तिला पाचही ध्येयं वाचून दाखवली आणि विचारलं, तुला निवडायला सांगितलं तर?

“ज्ञान,” ती लगेच म्हणाली.

मग चष्मा नीट करत म्हणाली, “पण तेव्हा विचारलं असतंत ना, तर मी कुटुंबच म्हटलं असतं. तुम्ही बरोबरच लावलंय.”

म्हणजे फाइल खोटी नव्हती. फाइल जुनी होती. या दोन गोष्टींमध्ये फार फरक आहे आणि मला वाटतं सगळा प्रश्न याच फरकात दडलेला आहे.

आई गेल्या वर्षी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाली आणि मोडी लिपीच्या वर्गाला जाऊ लागली. तिच्या कपाटात जुन्या खरेदीखतांच्या झेरॉक्स आहेत. त्यांवर पेन्सिलने एकेक अक्षर सोडवलेलं आहे. हे मला फोनवर कळलं नव्हतं, कपाट उघडल्यावर कळलं. फोनवर आमचं ठरलेलं असतं. “काय विशेष?” “काही नाही, चाललंय नेहमीचं.” “बाबा?” “पेपर वाचतायत.” दोन्हीकडून तेच. मीही पुण्यातून तेच सांगते. तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेही दादाला आणि मला आठवड्याने कळलं. “उगीच कशाला तुमची धावपळ,” असं म्हणून तिने विषय संपवला.

आणखी एक गोष्ट. स्वयंपाकघरात ओट्याजवळ आता एक उंच स्टूल असतं. तिला फार वेळ उभं राहवत नाही. पण मी येणार असले की ते स्टूल गच्चीच्या जिन्याखाली जातं. एकदा न सांगता एक दिवस आधी पोचले, म्हणून दिसलं.

त्यावरून माझ्या लक्षात आलं की घर आपल्यासाठी पॉज होत नसतं, पॉज झाल्यासारखं दाखवत असतं. आपण सुट्टीला जातो तेव्हा आई-बाबा आपल्याकरता जुनी फाइल लोड करतात. तीच चादर, तोच नाश्ता, तेच विनोद. आपल्याला बरं वाटावं म्हणून ते थांबल्याचं काम करतात. त्यांना त्याचे कष्ट पडतात.

हे एकतर्फी नाही. आईच्या फाइलमध्ये मी अजून नववीत आहे. मी गेले की साबुदाण्याची खिचडी होतेच, कारण तेव्हा मी ती तीन वेळा मागून घ्यायचे. आता मला ती पचत नाही. तरी मी खाते, आणि दुसऱ्यांदाही घेते. तिच्याकडे तिचं स्टूल, माझ्याकडे माझी खिचडी. दोघी एकमेकींसाठी जुन्या आवृत्त्या चालवतोय. यात प्रेम नाही असं कोण म्हणेल?

सासू, सून आणि पुन्हा बघणं

पण हे प्रेम नेमकं कुणावर असतं, हा प्रश्न उरतो.

आयरिस मर्डॉक या कादंबरीकार आणि तत्त्वचिंतक बाईंनी १९७० च्या ‘द सॉव्हरिन्टी ऑफ गुड’ या पुस्तकात एक उदाहरण घेतलं आहे. गंमत म्हणजे ते सासू-सुनेचं आहे. सासूला वाटतं, सून मनाने बरी आहे पण जरा उथळ, वागण्यात पोच नसलेली. सासू सभ्य आहे, ती हे कधी वागण्यातून दिसू देत नाही. पुढे मर्डॉकबाई मुद्दाम अशी अट घालतात की सून परदेशी गेली आहे किंवा वारली आहे. म्हणजे आता वागण्याचा प्रश्नच मिटला. तरी सासू स्वतःशी म्हणते, मी जुन्या वळणाची आहे, मत्सरी तर आहेच, जरा पुन्हा बघू. ती बघते. आणि हळूहळू तिला ती उथळ मुलगी मोकळी दिसू लागते, पोच नसलेली मुलगी उत्साही दिसू लागते.

बाहेरून पाहिलं तर काहीच घडलं नाही. कुणी काही बोललं नाही. मर्डॉकबाईंचं म्हणणं असं की तरीही इथे खरं नैतिक काम झालं आहे. माणसाकडे न्यायाने आणि मायेने पुन्हा बघणं हीच एक कृती आहे.

माझ्या प्रश्नाचं उत्तर मला इथे सापडतं. परत येणाऱ्याने मागे राहिलेल्यांचं काय देणं लागतं? आठवण ठेवणं, असं आपण पटकन म्हणू. पण आठवण तर फाइलसुद्धा ठेवते, आपल्यापेक्षा कितीतरी चोख. सोळा वर्षांत माझ्या फाइलमधला एक आकडा इकडचा तिकडे झालेला नाही. निष्ठा म्हणजे जसंच्या तसं जपणं असेल, तर हार्ड डिस्कइतकं निष्ठावान कुणी नाही. माणसाचं माणसाकडे देणं वेगळं असतं. मधल्या काळात तुझं काही झालं असणार, हे धरून चालणं. आणि ते काय झालं, ते बघायची तयारी ठेवणं.

याला एक आक्षेप आहे आणि तो हलका नाही. कधीकधी माणसाला जुनीच आवृत्ती हवी असते. बाहेर सगळं बदलत असताना कुठेतरी कुणाच्या तरी लेखी आपण अजून नववीत आहोत, यात केवढा आधार असतो. आईने उद्यापासून माझं बरोबर वय ओळखून मला फक्त तीस वर्षांची बाई म्हणून वागवलं, तर मला ते सोसवेल का, सांगता येत नाही. खिचडी बंद झाली तर पोटाला बरं वाटेल, बाकी मला नाही.

पण जुनी फाइल जपणं आणि तिलाच चालू काळ समजणं यांत फरक करता येतो. फोटोचं असंच असतं. फोटो आपल्याला फसवत नाही, कारण तो जुना आहे हे त्याच्या रंगावरूनच कळतं. आईने खिचडी केली तर ती फोटोसारखी खावी. त्यानंतर ताटं उचलताना स्टूल आत आणून ठेवावं, काही न बोलता, ते तिथलंच असल्यासारखं. गेल्या दोन भेटींत मी तेवढं करते. आता ते जिन्याखाली जात नाही.

जी माणसं गेली आहेत त्यांच्याबाबत तरी थांबलेली फाइल बरोबर असेल, असं मला आधी वाटायचं. पण मर्डॉकबाईंची अट आठवा, सून वारलेली असली तरी सासूचं बघणं संपत नाही. आजोबांना जाऊन बरीच वर्षं झाली. आई मोडी शिकल्यावर घरातल्या एका जुन्या कागदावरून कळलं की त्यांनी तरुणपणी एका शेजाऱ्याचं कर्ज अंगावर घेतलं होतं आणि ते कुणालाही न सांगता फेडलं होतं. आम्ही त्यांना चिक्कू म्हणून ओळखायचो. त्यांचा काळ थांबला आहे, आमच्या बघण्याचा थांबलेला नाही.

खेळातल्या त्या चौघांचं काय करायचं, हे दादाने परवा व्हिडिओ कॉलवर विचारलं. तो म्हणाला, चालू कर ना, बघू काय होतं. मी अजून केलेलं नाही. त्यांच्यावर दया म्हणून नाही. ते घर मला फोटो म्हणून हवं आहे आणि चोवीस मिनिटांच्या दिवसाने ते संपवायची मला घाई नाही. तिथे पॉज खराच पॉज आहे, कुणाला त्याचे कष्ट पडत नाहीत.

फोनवरचं आमचं बोलणं मात्र थोडं बदललं आहे. “काय विशेष?” असं विचारलं की “काही नाही” हेच उत्तर येतं, प्रश्नातच ते ठरलेलं असतं. म्हणून मी आता मागच्या वेळचं काहीतरी धरून विचारते. ते खरेदीखत लागलं का पूर्ण? त्या चौथ्या ओळीतलं अक्षर कुठलं निघालं? मग आई दहा मिनिटं बोलते. बोलता बोलता विचारते, “आणि तुझं काय गं? खिचडी तुला खरंच आवडते ना अजून?”

परवा तिने हे विचारलं. मी जे आहे ते सांगितलं.